सव्वासात वर्षं झाली, एकही दात पडला नाही, आणि आता मागून दुसरा आलाय

सायकलवाला_मिरज

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं गिअर नि टायरच्या भांडणातच दिसतो, आज घरातली अडचण घेऊन आलोय.

थोरली दुसरीत आहे, सव्वासात वर्षांची. अजून एकही दुधाचा दात पडलेला नाही. पडणं सोडा, हलतसुद्धा नाही. वर्गात 31 पोरं, त्यातली ही आणि विराज म्हणून एक मुलगा सोडला तर सगळ्यांच्या तोंडात खिडक्या झाल्यात. बाईंनी दातांचा धडा शिकवताना भिंतीवर नावांचा तक्ता लावला. ज्याचा दात पडेल त्यानं आपल्या नावापुढं लाल टिकली चिकटवायची. बाईंना नावं ठेवत नाही, त्यांनी हौसेनंच केलं. पण आता बिनटिकलीची दोनच नावं उरलीत, आणि मधल्या सुट्टीत पोरं हिला 'तान्ही' म्हणतात.

परवा शाळा सुटल्यावर दुकानात आली. मी एका चाकाचा आऊट काढत होतो, म्हणजे आरे आवळून वाकडं फिरणारं चाक सरळ करत होतो. दप्तर न काढताच स्टुलावर बसली, बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी झोपल्यावर तू माझे दात आवळतोस का?"

हसू आलं, पण डोक्यातून जाईना. रात्री टॉर्च घेऊन तोंड बघितलं. खालच्या मधल्या दोन दातांच्या मागं, जिभेच्या बाजूनं, पांढरं काहीतरी दिसलं. वाटलं भाताचं शीत अडकलंय. बोटानं पुसलं, जाईना. नीट बघतोय तर दात! वरची कड करवतीच्या पात्यासारखी, तीन बारीक कंगोरे. शेजारी दुसऱ्याचं टोक. पुढची रांग जागच्या जागी घट्ट आणि मागं दुसरी रांग उभी राहतेय.

घरात तीन पक्ष पडलेत. आई म्हणते दोरा बांध आणि दार लाव. बहीण म्हणते उशिरा पडलेत ते बरंच, नवे पक्के येतील. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा, आणि हे ती महिनाभर म्हणतेय. मी रोज 'बघू' म्हणतो. खरं सांगायचं तर मलाच त्या खुर्चीची भीती आहे. मी आठ वर्षांचा असताना चुलत्यानं माझा दात दोऱ्यानं दुकानाच्या शटरला बांधला आणि शटर वर केलं. दात निघाला, पण शटरचा तो खडखडाट ऐकला की आजही हिरडी शिवशिवते. आणि शटर तर मला रोज उघडावं लागतं.

हे असं मागून दात येणं कुणाच्या मुलांना झालंय का? थांबावं की जावं? हलणारी वस्तू घट्ट करायची एवढंच मला येतं हो. घट्ट वस्तू हलायची वाट कशी बघायची ते कुणी शिकवलं नाही.

---

उचापती

शटरचा किस्सा वाचून माझी दाढ दुखायला लागली. बाकी प्रश्नातलं मला काही कळत नाही. पोरीला सांगा, शार्कला अशाच रांगा असतात. उद्यापासून 'तान्ही' म्हणणार नाहीत.

---

देवगडची_माई

अरे बाबा, दोरा-दार काही करू नको. आईला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं ते दिवस गेले.

माझी तीन मुलं नि पाच नातवंडं, म्हणजे आठ तोंडांचे दात मी पडताना बघितले. एकाचंही वेळापत्रक दुसऱ्याशी जुळलं नाही. मधल्याचा पहिला दात बालवाडीत असतानाच पडला, पाच वर्षं पुरी व्हायच्या आत. शेंगदाण्याच्या लाडवात रुतला आणि त्यानं तो गिळला. दात कौलावर टाकायला मिळाला नाही म्हणून दोन दिवस रडत होता. शेवटी सासऱ्यांनी तांदळाचा एक मोठा दाणा निवडून आणला नि म्हणाले, हाच तुझा दात, सापडला. तो त्यानं फेकला. आज तो 41 वर्षांचा आहे, त्याला अजून खरं सांगितलेलं नाही.

आमच्याकडे दात शेणाच्या गोळ्यात घालायचा, कौलावर फेकायचा आणि उंदीरमामाला सांगायचं की माझा घे नि तुझा दे. उंदराचाच का, तर त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. हे मला फार पुढं नातवाच्या पुस्तकात वाचून कळलं. जुन्या माणसांनी मामा नीट निवडला होता म्हणायचा!

तुझ्या पोरीला तोंडातला पहिला दात कधी आला होता ते आठव. माझ्या ज्या नातीला वर्ष उलटलं तरी दात नव्हता, तिचेच सगळ्यात उशिरा पडले.

---

दंतकथा

सायकलवाले, माईंनी माझा अर्धा प्रतिसाद आधीच लिहून टाकला. लहान मुलांचे दात बघणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उरलेला अर्धा मी लिहिते.

दुधाचे दात 20. पडायला लागतात ते साधारण सहाव्या-सातव्या वर्षी, खालच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांपासून. मग वरचे मधले, मग त्यांच्या शेजारचे. आठव्या वर्षाच्या आसपास हे आठ दात बदलून झाले की मध्ये वर्ष-दीड वर्ष काहीच घडत नाही आणि आईबाप पुन्हा काळजीत. सुळे आणि दुधाच्या दाढा नऊ ते बारामध्ये जातात. वर्षभर इकडे-तिकडे अगदी नेहमीचं. मुलींचं थोडं आधी असतं, पण तोही नियम नव्हे. आठ वर्षं पूर्ण झाली नि एकही पडला नाही तर मी एक्सरे काढायला सांगतेच.

आता तुमची मागची रांग. पक्का दात हाडातून वर सरकतो, तसं त्याच्या वाटेतल्या दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. मूळ संपलं की वरचा भाग फक्त हिरडीच्या आधारानं लोंबतो, तोच आपला 'हलणारा दात'. पडलेला दात उलटा करून बघा, खालून टोपीसारखा पोकळ दिसतो. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलंय की दुधाच्या दाताला मूळ नसतं. असतं, चांगलं लांब असतं. तुमच्या मुलीचा पक्का दात सरळ खालून न येता जिभेच्या बाजूनं आला, त्यामुळे पुढच्याचं मूळ पुरतं झिजलं नाही. म्हणून तो घट्ट. उचापतींनी गमतीनं लिहिलंय, पण आम्हीही याला शार्क टीथच म्हणतो, आणि अशी मुलं आमच्याकडे सतत येतात.

दुधाचा दात थोडा जरी हलत असेल तर दोन-तीन महिने थांबायला हरकत नाही. पेरू, गाजर, मक्याचं कणीस पुढच्या दातांनी खायला द्या आणि दिवसभर जिभेनं हलवू द्या. तो पडला की मागच्याला जीभच हळूहळू पुढं रेटते. अजिबात हलत नसेल आणि मागचा बराच वर आला असेल, तर दाखवा. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दुसऱ्या गटात दिसता. बायकोचं ऐका.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पहिला दात कितव्या महिन्यात आला? आणि घरात कुणाला एखादा पक्का दात आलाच नाही, असं आहे का?

---

नेरळकर_काकू

डॉक्टरांनी लिहिलंच आहे, पण एक गोष्ट माझ्या अंगावर आलेली म्हणून सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यात मागं एक नवी दाढ येते. ती काही पडून येत नाही, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं रिकाम्या हिरडीतून गुपचूप येते. अशा चार. त्या पक्क्या असतात, जन्माच्या. मला हे माहीतच नव्हतं. माझ्या मुलाच्या त्या दाढेवर काळी रेघ दिसली तेव्हा मी म्हटलं, दुधाची आहे, पडेल. पुढच्या दातांची टिकल्यांची मोजणी आम्ही अगदी हौसेनं करत होतो आणि मागं ही किडत होती. नवव्या वर्षी ठणका लागून रात्रभर रडला तेव्हा समजलं, ही जायची नव्हती. लांबलचक उपचार झाले, आता तिच्यावर टोपी आहे.

टॉर्च हातात आहेच तर पार मागंही मारा.

---

सायकलवाला_मिरज

सगळ्यांचे आभार. माई, तांदळाच्या दाण्याचं आईला वाचून दाखवलं. दोरा-दार पक्ष तूर्त गप्प आहे.

दंतकथा डॉक्टर, पहिला दात 13व्या महिन्यात. बायकोच्या वहीत आहे. आईला तर तारखेसकट पाठ, कारण वरचा आधी येतो की खालचा यावर सगळं घर डोळे लावून होतं. वरचा आधी आला तर म्हणे मामाला जड जातं. मेव्हणा सांगलीहून रोज फोन करून विचारायचा. खालचा आला, मेव्हणा सुटला.

काकू, मागं टॉर्च मारला. खाली दोन्हीकडं दाढा आलेल्या आहेत, चांगल्या रुंद. कधी आल्या देव जाणे. ती म्हणाली, मध्यंतरी मागं चावताना दुखत होतं, पण मी सांगितलं नाही. का, तर आईनं चॉकलेट बंद केलं असतं.

घरात दात कमी असलेलं कुणी नाही. आईला विचारलं, ती म्हणाली आमच्यात सगळ्यांचे भरून होते, तुझे आजोबा सुपारी दातानं फोडायचे.

शुक्रवारची वेळ घेतलीय. दुकान बंद ठेवणार आहे. मी आत खुर्चीपाशी थांबायचं की बाहेर, हे अजून ठरलेलं नाही.

---

निशीकासाईकर

आम्ही तोक्योत असतो, इकडं भरपूर मराठी घरं आहेत. गंमत म्हणजे जपानातही तेच! खालचा दात पडला तर छपरावर फेकायचा आणि वरचा पडला तर घराच्या जोत्याखाली. नवा दात जुन्याच्या दिशेनं वाढावा म्हणून. आणि मागणं इथंही उंदराकडंच, उंदरासारखे दात दे. माझी आई इथं आली होती तेव्हा शेजारच्या आजींनी खाणाखुणांनी हे सांगितलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण उंदराची नक्कल करून दोघी हसून हसून दमल्या.

आता बरेचजण इमारतीत राहतात, छप्पर कुणाचं नि कुठलं? म्हणून दात ठेवायच्या छोट्या लाकडी डब्या मिळतात, आत प्रत्येक दाताची वेगळी खोबण. आमच्या डबीत सहा जमलेत. शाळेत दरवर्षी दात तपासतात आणि कागद घरी येतो, तो बघूनच मला कळलं की मुलाचा एक दात तिरका येतोय.

एक विचारायचं होतं. नवे आलेले दात दुधाच्यांपेक्षा पिवळे दिसतात. आम्ही घासायला कमी पडतोय का?

---

दंतकथा

नाही हो. दुधाचे दात मुळातच दुधासारखे पांढरे. पक्क्या दातात आतला पिवळसर थर जाड असतो आणि वरचं आवरण जास्त पारदर्शक, त्यामुळे आतला रंग दिसतो. जुना नि नवा शेजारी असले की फरक डोळ्यात भरतो. करवतीसारखी कडही चावून चावून काही वर्षांत सपाट होते.

तसंच, वरचे मधले दोन दात येताना त्यांच्यात फट असते, कधी पंख्यासारखे पसरलेलेही असतात. लगेच तारा लावायला धावू नका. सुळे येतात तेव्हा ती बहुतेकदा आपोआप भरते.

सायकलवाले, आत थांबा. मुलं डॉक्टरकडे बघत नाहीत, बापाच्या चेहऱ्याकडे बघतात. त्यामुळे चेहरा सांभाळा.

---

सायकलवाला_मिरज

उशीर झाला, माफ करा. तीन आठवडे झाले. दसरा-दिवाळीच्या आधी दुकानात ओव्हरहॉलच्या सायकलींची रांग लागते.

शुक्रवारी गेलो. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. पोरीला खुर्ची स्वतःच वर-खाली करायला दिली. तिथं तिची भीती गेली. खुर्चीच्या पंपाचा आवाज होता, शटरचा नव्हे, तरी माझी गेली नाही. त्यांनी दोन्ही दात बोटात धरून बघितले. उजवा जरासा हलत होता, म्हणाल्या याला आपण सोडू, आपला आपण जाईल. डावा दगड. तो काढायचा ठरला. आधी संपूर्ण तोंडाचा एक्सरे. ते यंत्र डोक्याभोवती फिरतं, ती पुतळ्यासारखी उभी राहिली.

मग आधी हिरडीला गोड वासाचं जेल, मग सुई. सुई तिला दिसू दिली नाही, मला दिसली. डॉक्टरिणीनं चिमटा आत घातला, मनगट एकदा इकडं एकदा तिकडं असं फिरवलं, अगदी आपण घट्ट बसलेलं पेडल सोडवताना करतो तसं, आणि कापसावर ठेवला. मला वाटलं होतं तांदळाएवढं काही असेल. हा एवढा लांब! वरचा पांढरा भाग नखाएवढा आणि खाली त्याच्या दुप्पट पिवळट मूळ, एका बाजूनं कुरतडल्यासारखं तिरकं झिजलेलं. दंतकथा डॉक्टर, तुम्ही लिहिलं होतं तेच, पण हातात घेतल्यावर कळलं. पक्क्या दातानं त्याला एका अंगानं खाल्लं होतं आणि दुसऱ्या अंगानं सोडून दिलं होतं.

पोरगी कापूस चावत दात मागत होती. रडली नाही. डॉक्टरिणीनं मला बसायला सांगितलं, पोरीला नाही.

आता पुढची गोष्ट. एक्सरे त्यांनी लाइटवर लावला. हाडाच्या आत सगळे पक्के दात दिसत होते, रांगेत, खोक्यात भरून ठेवलेल्या मालासारखे. त्यांनी मोजले आणि खाली डाव्या बाजूला शेवटच्या दुधाच्या दाढेखाली बोट ठेवलं. बाकी प्रत्येक दुधाच्या दाढेखाली एक आहे, इथं खाली काहीच नाही. म्हणाल्या, कधी कधी उशिरा दिसायला लागतो, वर्षभरानं परत बघू. पण नसेलच तर ही दुधाची दाढ जपायची, किडू द्यायची नाही. मग तुमचाच प्रश्न विचारला, घरात कुणाला असं आहे का? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, आ करा.

मी म्हटलं, माझं काय?

म्हणाल्या, करा तर.

मी 39 वर्षांचा माणूस, पोरगी शेजारी कापूस धरून उभी, मी तोंड उघडलं. त्यांनी आरसा घातला, डाव्या बाजूला टिकटिक वाजवलं आणि हसल्या. तिथली माझी एक दाढ शेजाऱ्यांपेक्षा जरा बुटकी आहे. तिथं भाकरीचा तुकडा कायम अडकतो, मी रोज काडी घालतो, आजवर वाटायचं माझ्या खाण्यातच काही खोट आहे. ती दाढ दुधाची आहे. खालून पक्की आलीच नाही, म्हणून ही गेलीच नाही. माझाही एक्सरे काढला, तिथं खाली रिकामं. बाई म्हणाल्या, अशी दाढ नीट ठेवली तर पुष्कळ वर्षं टिकते, आणि हे बऱ्याचदा घराण्यात असतं. म्हणजे लहानपणीची दाढ तोंडात घेऊन मी इतकी वर्षं फिरतोय आणि मला पत्ता नाही. आईचं 'सगळ्यांचे भरून होते' तिथंच बाद झालं. सुपारीवाल्या आजोबांचं कोण सांगणार आता.

पोरीनं कापूस काढला नि पहिलं वाक्य बोलली, "बाबा, तुझा तर अजून पडलाच नाही!"

सोमवारी शाळेत तिनं टिकली लावली. त्यानंतर बाईंना सांगून तक्त्याच्या तळाशी माझं नाव लिहिलं, टिकलीची जागा रिकामी ठेवून. बाईंनी मला फाटकाशी गाठून विचारलं, खरं का हो? विराज आता माझ्या दुकानात येतो, आ करायला लावतो आणि बघून जातो. दोनदा आलाय.

उजवा दात 11व्या दिवशी पेरूत गेला. तो मात्र दंतकथा डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम टोपीसारखा पोकळ निघाला, मूळ नावालाही नाही. दोन्ही एकदमच टाकायचे म्हणून आधीचा काडेपेटीत ठेवला होता. कौल आमच्याकडं नाही, दुकानाचा पत्रा आहे. शेण पलीकडच्या गोठ्यातून आणलं. लांब मुळाचा पहिल्या फटक्यात वर राहिला. पोकळ मात्र पत्र्यावरून दोनदा घरंगळत खाली आला, दोन्ही वेळा तिनं शेणासकट उचलला. तिसऱ्यांदा पन्हळीत अडकला. तिथं पोहोचलाय की नाही बघायला मला शिडी लावायला लावली. चढलो, बघितलं, आहे म्हणून सांगितलं.

मागचा डावा दात आता अर्धा पुढं सरकलाय. दर रविवारी पट्टीनं मोजते.